पालक सभासदांसाठी सूचना : चार वर्षांची पदवी व श्रेयांक खाते

सर्व पालक सभासदांना कळविण्यात येते की, २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीची तरतूद असली, तरी पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा ठेवलेली आहे. मिळवलेले श्रेयांक (अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल मिळणारे क्रेडिट) ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवून ठेवणाऱ्या डिजिटल खात्यात, जमा होतात, म्हणून पाल्याचे खाते उघडले आहे ना आणि त्यातील नाव आधारकार्डाशी जुळते ना, हे आताच पाहावे. घरच्या अडचणीने शिक्षण थांबलेल्या मुलींना परतण्याची वाट यामुळे खुली राहते, हे आम्हांस विशेष मोलाचे वाटते. शंका लेखी स्वरूपात रविवारच्या दादर येथील सभेत आणाव्यात.