आई-बाबा, आठवडाभर कामं बदलून बघा ना

प्रिय आई, प्रिय बाबा,

आई, मागे बोलता बोलता तू सहज म्हणालीस, "अगं वर्ष कधी संपलं कळलंच नाही," आणि बाबा मागून म्हणाले की वय झालं की असंच होतं. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. बाबांचं चूक नाही म्हणा, विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच लिहून ठेवलंय की लहानपणी रोज काहीतरी नवं घडतं म्हणून आठवणी भरगच्च असतात, पुढे एकेक गोष्ट आपोआप व्हायला लागते, मग दिवस लक्षातच राहत नाहीत आणि मागे बघितलं की वर्षं पोकळ वाटतात. पण बाबा, म्हणजे यात नुसतं वय नाहीये हो, सवय पण आहे. वयाचं आपल्याला काही करता येत नाही, सवयीचं थोडंफार करता येतं.

लगेच घाबरू नका, मी तुम्हाला डोंगर चढायला किंवा डान्स क्लासला पाठवत नाहीये. ते 'साठीनंतर नवं आयुष्य सुरू करा' टाइपचे मेसेज मलाही येतात आणि मी ते न वाचताच उडवते, कारण त्यात नेहमी काहीतरी भव्यदिव्य करायचं असतं आणि ते लिहिणाऱ्याचे गुडघे बहुतेक अजून ठणठणीत असतात.

आणि रूटीनला मी नावं ठेवत नाहीये, ते लागतंच. २००२ सालच्या एका अभ्यासात लोकांना दर तासाला आपण काय करतोय ते लिहायला लावलं होतं, तर साधारण ४३ टक्के गोष्टी रोजच्याच, त्याच जागी, डोकं दुसरीकडे असताना केलेल्या निघाल्या. बरंच आहे ते, प्रत्येक गोष्ट रोज नव्याने ठरवायची म्हटली तर दात घासून होईपर्यंत दुपार व्हायची. त्यामुळे काही गोष्टींना अजिबात हात लावू नका. गोळ्यांच्या वेळा, झोपायची-उठायची वेळ, चष्मा आणि किल्ल्यांची जागा. आणि आई, तुला अधूनमधून खोलीतलं सामान हलवायची हुक्की येते ती येऊ दे, पण पलंगापासून बाथरूमपर्यंतचा रस्ता आहे तसाच मोकळा राहू दे, कारण रात्री अंधारात माणूस डोळ्यांनी नाही, आठवणीने चालतो, आणि तिथे खुर्ची आली की संपलंच.

बाकी सगळं मात्र हलवायला मोकळं आहे. बाबा, तुम्ही सकाळी फिरायला जाता तो रस्ता उलटा चाला. तोच रस्ता, तेवढंच अंतर, फक्त उलट्या बाजूने. हसू नका, खरंच वेगळा दिसतो, घरांची दुसरी बाजू दिसते, ऊन दुसरीकडून येतं, रोज ज्यांच्या मागून चालता ती माणसं समोरून येतात आणि मग बोलणं होतं. जेवताना दोघांनी एकदा जागा बदला. पेपर शेवटच्या पानापासून वाचा. वाचनालयात गेलात की रोजच्या कपाटाकडे न जाता ज्या विषयातलं ओ की ठो कळत नाही त्या कपाटातलं एक पुस्तक आणा, नाही आवडलं तर परत करायला आपल्याला काय लागतं. आई, तू जी गाणी ऐकतेस ती ऐकच, पण दिवसातून एक असं लाव की जे कधीच ऐकलेलं नाही, आणि तेच दोन-चार दिवस पुन्हा लाव, कारण नवी गोष्ट पहिल्या फेरीत आवडत नाही हे बऱ्याच जणांचं होतं. १९६८ साली रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांनी दाखवलं होतं, एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी आपल्याला ती जास्त आवडायला लागते. तेव्हा "आजकालची गाणी म्हणजे नुसता गोंगाट" हा निकाल जरा राखून ठेवा बाबा.

ते डाव्या हाताने दात घासायचं मात्र मला काही पटलेलं नाही. सगळीकडे लिहिलेलं असतं म्हणून मीही करून बघितलं, गंमत येते, हिरड्यांना टोचतं, बास. त्याने स्मरणशक्ती वाढते वगैरे माझा तरी विश्वास नाही. एका पायावर उभं राहून दात घासायचं हेही कुणीतरी सांगेल, ते बेसिनच्या काठाला धरल्याशिवाय आणि कोरड्या फरशीशिवाय करायचं नाही, मी सांगून ठेवते.

आता बाबा, तुम्ही म्हणणार की माझं जे चाललंय ते उत्तम चाललंय, उगाच कशाला बदलायचं. तुमच्यासाठी एक पुरावा शोधून ठेवलाय, तुम्हाला पुराव्याशिवाय पटत नाही म्हणून. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला, काही स्टेशनं बंद, काही चालू, त्यामुळे रोज ऑफिसला जाणाऱ्या कितीतरी लोकांना झक मारत दुसरा रस्ता शोधावा लागला. नंतर अभ्यासकांनी त्यांच्या तिकीट कार्डांची नोंद तपासली, तर संप मिटल्यावरही साधारण वीसातला एक माणूस जुन्या रस्त्याला परत आलाच नाही, कारण नवा रस्ता त्याला जास्त सोयीचा पडला होता! ही सगळी रोज जाणारी-येणारी, वेळेची घाई असलेली माणसं, आणि तरी त्यांना आपला चांगला रस्ता माहीत नव्हता, संप झाला म्हणून कळला. एक कारण तर मजेशीर होतं, तिथल्या रेल्वेचा नकाशा वाचायला सोपा जावा म्हणून सरळ रेघांत काढलाय, त्यात अंतरं खरी दिसत नाहीत, आणि लोक वर्षानुवर्षं नकाशावर विसंबून होते. अर्थात उरलेले एकोणीस जण परत जुन्याच रस्त्याला लागले हेही खरं, म्हणजे तुमचं रूटीन चांगलं असेल तर ते कुठे पळून जात नाही. पण करून बघितल्याशिवाय तुम्ही वीसातले कितवे ते कळणार कसं?

आणि तुमचं ते शब्दकोडं. आवडतं ना, मग सोडवा, पण त्याला मेंदूचा व्यायाम म्हणू नका, कारण तुम्हाला ते आता इतकं येतं की आडवा-उभा शब्द हात आपोआप लिहितो, मी बघितलंय. अमेरिकेत टेक्सासमध्ये डेनिस पार्क यांनी एक मोठा प्रयोग केला होता, तो २०१४ मध्ये छापून आला. ६० ते ९० वयाचे दोनशेवर लोक, तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास. काहींना डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढून ते कॉम्प्युटरवर सुधारायला शिकवलं, काहींना गोधडीसारखं शिवणकाम, काहींना दोन्ही. काही जण नुसते एकत्र भेटायचे, गप्पा, सहली, सिनेमे, आणि काही जण घरी बसून शब्दखेळ आणि संगीत असलं सोपं काही करायचे. स्मरणशक्ती सुधारली ती जे खरोखर काहीतरी नवं आणि अवघड शिकत होते त्यांची. गप्पा मारणाऱ्यांची मजा झाली असणार, पण तसा फरक काही पडला नाही. म्हणजे आपल्याला जे येतच नाही, जिथे सुरुवातीला चुका होतात आणि थोडी चिडचिड होते, तिथे खरा उपयोग आहे.

म्हणून मी बराच विचार करून एकच गोष्ट तुमच्यासाठी निवडलीये आणि हे पत्र खरं त्यासाठीच आहे, वरचं सगळं नाही केलंत तरी चालेल. एक आठवडा घरातली कामं बदला. आईची बाबांकडे, बाबांची आईकडे.

विचार करून बघा, घरात किती वर्षं ठरून गेलंय कुणी काय करायचं. कपड्यांचं मशीन आईचं, बँक बाबांची. स्वयंपाकघर आईचं, लाइटबिल, गॅस, विम्याचे हप्ते, घरपट्टी बाबांचं. कधी ठरलं, कुणी ठरवलं कुणालाच आठवत नसेल. आई, तुला बँकेच्या अॅपचा पासवर्ड माहीत नाही आणि कुठली पॉलिसी कुठल्या फाइलमध्ये आहे हेही नाही, कारण विचारलंस की बाबा म्हणतात "तुझं काय काम त्यात, मी करतो ना." आणि बाबा, तुम्हाला मशीनचं कुठलं बटण दाबायचं ते माहीत नाही, डाळ-तांदूळ कुठल्या डब्यात आहेत तेही माहीत नाही, कारण आई म्हणते "राहू द्या, तुम्ही पसारा करून ठेवाल, त्यापेक्षा मीच करते." दोघंही एकमेकांना जपता की एकमेकांना शिकू देत नाही, मला कळेनासं झालंय. माझ्या मनात पुढचं काय येतं ते मी इथे लिहीत नाहीये, तुम्हाला समजलंय. कुणी एकजण चार दिवस दवाखान्यात असला तर दुसऱ्याने बिल भरायचं कसं आणि खायचं काय, एवढंच लिहिते.

पण फक्त त्या भीतीपोटी नाही सांगत. मला वाटतं तुम्हाला मजा येईल. आईला हिशोब आवडतो, घरखर्च ती पैशापैशाने तोंडपाठ सांगते, तिला अॅप हातात दिलंत तर ती महिनाभरात तुमच्याच चुका काढेल बघा. आणि बाबांनी स्वयंपाक केला तर कसा होईल ते होईल, पण दोघांना त्यावर बोलायला तरी काही मिळेल, टीव्हीवरच्या बातम्या सोडून.

फक्त एक अट. जो काम करतोय त्याच्या डोक्यावर दुसऱ्याने उभं राहायचं नाही. आधी एकदा नीट दाखवायचं, पायऱ्या कागदावर लिहून द्यायच्या, आणि मग खोलीतून बाहेर जायचं. विचारलं तरच सांगायचं. बाबा हे तुमच्यासाठी आहे, कारण तुम्ही शिकवताना तिसऱ्या वाक्याला मोबाईल हातातून काढून घेता आणि "हे बघ, झालं" म्हणता, मग समोरच्याला काय झालं ते कळतच नाही. आणि आई, हे तुझ्यासाठी पण आहे, कारण घडी वाकडी दिसली की तू ते कपडे उलगडून परत घडी घालतेस. घालू नकोस. वाकडी घडी कपाटात बसते.

एखादा दिवस कंटाळा आला, नाही जमलं, तर "बघ, म्हटलं नव्हतं का" असं करून सगळं सोडून देऊ नका. लंडनच्या एका विद्यापीठात सवयी कशा लागतात याचा अभ्यास झाला होता, २०१० चा, त्यात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत, म्हणजे माणसामाणसात केवढा फरक बघा, आणि मधला एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही असंही त्यात दिसलं. तेव्हा एकविसाव्या दिवशी सवय लागते वगैरे जे फिरत असतं ते मनावर घेऊ नका. आणि तसंही मला तुम्हाला नवीन सवय लावायची नाहीये, नाहीतर बाबा कामं बदलायचंही टाइमटेबल करतील आणि भिंतीवर लावतील.

आई, पासवर्ड वहीत लिहून ठेव पण ती वही फोनच्या शेजारी ठेवू नकोस, आणि फोनवर येणारा ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, कितीही गोड बोलला तरी, अगदी बँकेतून बोलतोय म्हणाला तरी. पहिलं बिल छोटंसं भर, मोठे हप्ते नंतर. अडलीस तर बाबांना विचारायच्या आधी मला फोन कर, मी पटकन हातातून काढून घेऊ शकत नाही ना, एवढ्या लांबून. बाबा, तुम्ही सुरुवात टॉवेल आणि चादरींपासून करा, आईचे चांगले कपडे सध्या मशीनपासून लांबच राहू देत.

तुमची लेक