खानापूर स्टँडवरच्या मावशी आणि अण्णांचे आभार

आमचे बाबा गेले. तरुणपणी बेळगावच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, पुढे खानापुरात पेपर एजन्सी. त्या पहाटे स्टँडवर गठ्ठे सोडतानाच छातीत कळ येऊन कोसळले. भाजीवाल्या मावशींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, शर्टाची बटणं सोडली, चष्मा पदराच्या गाठीत जपून ठेवला. कन्नड बोलणाऱ्या रिक्षावाल्या अण्णांनी थेट बेळगावला नेलं, भाडं घेतलंच नाही. आम्ही पोचेपर्यंत बाबांचा हात धरून बसले होते.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिलं विचारलं, "पेपर पोचले का?" पोचले होते, स्टँडवरच्या पोरांनी घरोघर टाकले. संध्याकाळपर्यंत आईशी बोलले, नातीला जवळ घेतलं. ती संध्याकाळ आम्हाला तुमच्यामुळेच मिळाली. मावशी, अण्णा, गडबडीत नावं विचारायची राहिली. एकदा घरी या, आईला तुम्हाला भेटायचंय.