सोलवटलेली जखम वाळत घालू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नागपुरात पहाटे फुटाळा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी या बाजूंना हौशी सायकलस्वार दिसतात आणि संध्याकाळी गावभर शिकवणीला निघालेली मुले. दोघांच्याही पडण्याची तऱ्हा सारखीच. सिमेंट रस्त्याची कड आणि शेजारची पट्टी यांच्या उंचीत बोट-दोन बोटांचा फरक असतो. चाक त्या कडेला समांतर लागले की हँडल वळवूनही ते वर चढत नाही आणि सायकल आडवी होते. नाहीतर वळणावर सांडलेली गिट्टीची चुरी. माणूस कुशीवर पडतो आणि खुबा, गुडघ्याची बाहेरची बाजू, कोपर, तळहात रस्त्यावर घासत जातात. रक्त फारसे येत नाही, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. घरी पोचल्यावर सगळ्यांचा सल्ला एकच : "हळद दाब अन् उघडं ठेव, वाळून जाईल." हे पत्र त्या सल्ल्याविरुद्ध आहे.

सोलवटलेली जखम ही कापलेल्या जखमेपेक्षा भाजलेल्या जखमेची सख्खी बहीण. वरचा थर निघून जातो, खालची नसांची टोके उघडी पडतात, म्हणून तर ती इतकी चरचरते आणि तिच्यातून लस पाझरत राहते. मात्र भाजलेल्या जखमेत माती नसते. हिच्यात चुरी, डांबर, शेण, सिमेंटची भुकटी असे काय काय रुतलेले असते.

पण कातडीकडे वळण्याआधी बाकीचे शरीर तपासावे. डोके आपटले असेल आणि उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर मलमपट्टीत वेळ घालवू नये, १०८ला फोन करावा. तळहात टेकून पडलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला जो खळगा असतो, तो दाबून पाहावा. तिथे कळ आली तर हाड मोडले असण्याचा संभव आहे. हे हाड पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. मुलांच्या बाबतीत पोट पाहायला विसरू नये. लहान सायकलींच्या मुठीचे रबर फाटून हँडलची नळी उघडी पडलेली असते आणि पडताना तेच टोक पोटात घुसते. वर दिसतो फक्त नाण्याएवढा गोल वळ, पण आत प्लीहा, यकृत, स्वादुपिंड किंवा आतड्याला मार लागलेला असू शकतो आणि त्याची लक्षणे काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही उमटतात. असा वळ दिसला आणि पोट दुखत असेल, तर गुडघ्याची जखम नंतर. आधी मेडिकल, मेयो किंवा जवळचे जे मोठे रुग्णालय असेल ते गाठावे.

आता धुणे. सगळ्या उपचारात निम्मे महत्त्व याला आहे आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत. पिण्यालायक पाणी नळाच्या धारेने पाच ते दहा मिनिटे जखमेवरून वाहू द्यावे. तळहाताएवढ्या जखमेला लिटरभर पाणी तरी हवे. धार नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तीन-चार बारीक भोके पाडून बाटली दाबावी. नुसते ओतलेले पाणी मातीवरून घसरून जाते, दाबाचे पाणी तिला उचलते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चटका देते, ते निवू द्यावे. कूलरच्या टाकीतले पाणी हाताशी असते म्हणून वापरू नये, त्यात शेवाळ असते. भोवतालच्या धड कातडीला साधा साबण लावला तर चालतो. मग ओल्या गॉजने, एकाच दिशेने, जखम हळूच पुसावी. कापूस नको, त्याचे तंतू आतच राहतात.

तरीही काळे ठिपके दिसत असतील तर ते उद्यावर टाकू नयेत. वरची कातडी त्यांच्यावरून भरून आली की ती माती कायमची आत राहते आणि निळसर-करडे डाग उरतात. रस्त्याने काढलेले गोंदणच ते. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांत निघणारी चुरी नंतर लेझरनेही नीट निघेल याची खात्री नसते. डॉक्टर बधिर करणारी लिग्नोकेनची जेली लावून, थोडा वेळ थांबून, मऊ ब्रशने ती काढतात. ही जेली घरी मोठ्या जखमेवर थापू नये, उघड्या मांसातून ती रक्तात उतरते. डांबर चिकटले असेल तर पेट्रोल-रॉकेल नको. व्हॅसलीनचा जाड थर देऊन थोडा वेळ थांबले की डांबर सैल होते.

ओतायचे काय, याच्यापेक्षा काय ओतायचे नाही याची यादी मोठी आहे. स्पिरिट, न मिसळलेले डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड ही सगळी जंतूंबरोबर नव्याने उगवू पाहणाऱ्या पेशीही मारतात. फेस आला म्हणजे जखम साफ झाली, असे नाही. जांभळट-तपकिरी आयोडीनचे औषध पहिल्या दिवशी, तेही कडेने, एकदा चालेल. रोज ओतू नये. हळदीबद्दल राग नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, लसीबरोबर तिचा पापुद्रा होतो आणि खाली लाली पसरते आहे की नाही हे पिवळ्या रंगात दिसतच नाही. टूथपेस्ट, चुना, कॉफी यांवर शब्द खर्च करत नाही.

आणि ती पांढरी जंतुनाशक पावडर! औषधाच्या दुकानात "खरचटलंय" म्हटले की विचारणा न होता काउंटरवर येते. कोरड्या बारीक ओरखड्यावर ती ठीक. पाझरणाऱ्या जखमेवर मात्र लस आणि पावडर मिळून सिमेंट तयार होते, खाली पू अडकतो आणि ते काढताना नवी कातडी सोबत येते. तिच्यातल्या निओमायसिन या प्रतिजैविकाची काहींना ॲलर्जीही असते : जखमेभोवती खाज, पुरळ, पाण्याचे फोड. हे जखम चिघळल्याचे लक्षण समजून लोक आणखी पावडर टाकतात.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दोन टोके दिसतात. काहीजण दर सहा महिन्यांनी घेतात, काहीजण कधीच नाही. लहानपणचे डोस पूर्ण झाले असतील आणि जखम मातीची असेल, तर शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटल्यास एक डोस घ्यावा. पाच वर्षांच्या आत घेतला असेल तर गरज नाही. सरकारी लसीकरणात १० आणि १६ व्या वर्षी हा डोस असतोच, त्यामुळे मुलाचे कार्ड सोबत न्यावे. पूर्वीच्या टीटीऐवजी आता टीडी देतात, तिच्यात घटसर्पाचीही लस असते. आधी कधीच डोस झालेले नसतील तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, कारण मग मातीच्या जखमेला लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे वेगळे इंजेक्शनही लागते.

आता मूळ मुद्दा, वाळवण्याचा. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्यावर खपली धरलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने कातडी धरते. कारण सोपे आहे. नवी कातडी कडेकडून आणि केसांच्या मुळांपासून सरकत येते. पृष्ठभाग ओला असला की ती वरूनच सरकते. खपली असली की तिला खपलीखाली खणत जावे लागते. शिवाय गुडघ्यावरची खपली दर पावलाला तडकते. आपण पापड वाळवतो तशी जखम वाळवतो, वर कूलरचा झोत सोडतो, आणि दहाव्या दिवशीही गुडघा वाकत नाही म्हणून तक्रार करतो.

झाकायचे ते तीन थरांत. सगळ्यात खाली न चिकटणारा थर : पॅराफिन गॉज, म्हणजे तेलकट जाळीच्या १० सेंटिमीटर चौकोनी पट्ट्या. मेडिकल चौकात कुठेही मिळतात. ती नसेल तर नव्या ट्यूबमधले साधे व्हॅसलीन गॉजवर जाड थापून. त्यावर लस शोषायला निर्जंतुक गॉजच्या तीन-चार घड्या. सगळ्यांत वर रोलर पट्टी, इतकीच घट्ट की बोटे सुजू नयेत, मुंग्या येऊ नयेत. गुडघा-कोपराला पट्टी बांधताना सांधा थोडा वाकवलेला ठेवावा. सरळ पायावर बांधलेली पट्टी पहिल्याच जिन्याला घसरते. पहिले दोन-तीन दिवस लस भरपूर येते, तेव्हा पट्टी रोज बदलावी, मग एक दिवसाआड. पट्टी खेचून काढणे म्हणजे केलेले काम पुसणे. आंघोळीच्या वेळी कोमट पाण्याने दहा मिनिटे भिजवली की ती आपोआप सुटते. जखम धुवायला मिठाचे पाणी हवे असेल तर अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून निववावे आणि त्याच दिवशी वापरावे. दुखण्यासाठी मोठ्यांनी पट्टी बदलण्याआधी अर्धा तास ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घ्यावी. दोन गोळ्यांत किमान सहा तास जाऊ द्यावेत. यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

हायड्रोकोलॉइड नावाची चिकट पट्टी परवडत असेल तर साफ, उथळ जखमेला ती उत्तम, तीन ते पाच दिवस तशीच राहते. तिच्याखाली पिवळट, वास येणारा चिखल साचतो. लोक घाबरतात, पण तो पट्टीच विरघळून झालेला असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने तिच्या कडा सुटतात, म्हणून भोवती दोन बोटे कोरडी कातडी झाकली जाईल एवढा मोठा तुकडा घ्यावा.

जखमेवर दिसणारा पिवळा पातळ थर बहुधा पू नसतो, भरण्याच्या क्रियेचाच भाग असतो. तो खरवडू नये. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरायला हवे. ते उतरण्याऐवजी ठणका वाढला, लाली कडेबाहेर पसरत गेली, दुर्गंधी किंवा घट्ट पू आला, ताप आला, लाल रेघ वर चढू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. याउलट, सोलवटलेल्या जागेचा एखादा भाग पांढुरका आणि अजिबात न दुखणारा असेल तर आनंद मानू नये. तिथे कातडीची पूर्ण जाडी गेलेली असते आणि नसाही. चेहऱ्यावरची, सांध्यावरची खोल, किंवा बोटांसकट आपल्या तळहातापेक्षा मोठी जखमही घरी सांभाळू नये.

पथ्याचा छळ मात्र थांबवावा. भात, वांगे, दही, डाळ यांनी "पू होतो" म्हणून आजाऱ्याला आठवडाभर नुसत्या भाकरीवर ठेवणारी घरे अजून आहेत. कातडी प्रथिनांपासून बनते. वरण, अंडी, दूध, शेंगदाणे नेहमीपेक्षा जास्तच द्यावेत. साखरेचा आजार असेल तर जखमेपेक्षा आधी रक्तातल्या साखरेकडे पाहावे. सांधा दिवसातून चार-पाच वेळा हलवावा. तलावात किंवा पोहण्याच्या टाकीत जखम बंद होईपर्यंत उतरू नये.

उथळ जखम सात ते चौदा दिवसांत बंद होते, खोल असेल तर तीन आठवड्यांपर्यंत. त्यापुढे ती उघडी राहिली तर दाखवावी. नंतर येणाऱ्या गुलाबी कातडीला खाज सुटते, तिला खोबरेल तेल पुरते. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ऊन पडले की तो गुलाबी भाग काळा पडतो आणि वर्षभर तसाच राहतो. म्हणून किमान सहा महिने पूर्ण बाही, लांब पायजमा, नाहीतर एसपीएफ ३० किंवा जास्तीचे सनस्क्रीन. उघड्या जखमेवर मात्र ते लावू नये. व्रण उंच, टणक होऊ लागला तर सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने.

शहरात सायकलस्वारांचे गट आता बरेच आहेत. रामटेककडे किंवा काटोल रोडने निघताना प्रत्येक गटात एकाकडे तरी निर्जंतुक गॉजची चार पाकिटे, पॅराफिन गॉजच्या चार पट्ट्या, दोन रोलर पट्ट्या, चिकटपट्टी, हातमोज्यांची जोडी, छोटी कात्री आणि पिण्याच्या पाण्याखेरीज वेगळी एक लिटरची बाटली असावी. ज्या हेल्मेटने मार खाल्ला ते बदलावे, वरून तडा दिसत नसला तरी. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो. पडलेल्या सायकलवरून परत निघण्याआधी मागच्या गिअरचा हूक (ज्याला गिअरचा सांगाडा टांगलेला असतो) वाकला नाही ना, हे मागून पाहावे. तो वाकलेला असेल तर हलक्या गिअरला गिअरचा सांगाडा आऱ्यांत अडकतो आणि दुसऱ्यांदा पडणे होते.

आणि महापालिकेला एवढेच : सिमेंट रस्त्यांच्या कडेची ती पायरी उताराने भरून द्यावी आणि काम संपल्यावर वळणावरची चुरी ठेकेदाराकडून झाडून घ्यावी.

आपली,
मलमपट्टी विभागातील एक परिचारिका, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)