लीड कुठं लावायचं

बेळगाव

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. पेसमेकरचं लीड, म्हणजे हृदयाला ठोका देणारी तार, खालच्या कप्प्यात कुठं लावू, असं विचारलंस. खानापूरकडचे बहात्तर वर्षांचे आजोबा, कम्प्लीट हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्यांचा ठोका खाली पोचतच नाही), पंपिंग ५५ टक्के. जागा निवडण्याआधी एवढंच बघ की त्यांच्या व्हेंट्रिकलला, म्हणजे खालच्या कप्प्याला, पेसमेकर किती वेळ चालवणार. सायनस नोडचाच, म्हणजे ठोका सुरू होतो त्या गाठीचाच आजार असता, पेसिंग क्वचित लागलं असतं, तर एपेक्सही, म्हणजे कप्प्याचं खालचं टोकही, चाललं असतं. इथं जवळपास प्रत्येक ठोका पेसमेकरचा. एपेक्समधून निघालेली लाट स्नायूतून सावकाश पसरते, डावी भिंत उशिरा आकसते आणि काही जणांचं पंपिंग पुढं घसरतं. पेसिंग २० टक्क्यांवर जाणार असेल तर हा धोका धरूनच चालायचं.

म्हणून लेफ्ट बंडलच्या, म्हणजे डाव्या कप्प्याला ठोका पोचवणाऱ्या हृदयाच्या स्वतःच्या वाहिनीच्या जागी जा, मर्दा. २०१७ मध्ये चीनच्या हुआंग यांनी ही वाट दाखवली. हिस बंडलपेक्षा (त्या वाहिनीचं वरचं खोड) इथं थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पाडायला लागणारा किमान व्होल्टेज, कमी लागतो, आर वेव्हही, म्हणजे खालच्या कप्प्याचा सिग्नलही, मोठी मिळते.

आरएओ ३० अंशात (एक्स-रे उजवीकडून तिरका) हिसचा सिग्नल जिथं दिसतो, तिथून एपेक्सकडं १ ते १.५ सेंटिमीटर उतर. तिथं पेस केल्यावर ईसीजीच्या व्ही-१ मध्ये क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची आकृती, ‘डब्ल्यू’सारखा दिसला की जागा बरोबर. शीथ (लीड आत नेणारी नळी) घड्याळाच्या उलट दिशेला पिळून धर, म्हणजे टोक पडद्याला, म्हणजे दोन कप्प्यांमधल्या सेप्टमला, काटकोनात टेकतं. हा आधार सुटला की लीड नुसतं जागेवर फिरतं आणि आतला पदर त्याला गुंडाळला जातो. बहुतेक फसगत इथंच होते. लीडला भराभर काही वळसे दे, थांब, पेस करून बघ. ‘डब्ल्यू’मधली खाच वर सरकत शेवटाला जाते आणि तिचा आर होतो. युनिपोलर इम्पिडन्स (टोकाशी विजेला होणारा विरोध) आधी वाढतो, मग थोडा उतरतो. तो ४५० ओहमच्या खाली गेला, इंज्युरी करंट (टोक स्नायूत रुतल्याची खूण) पडला, तर टोक डाव्या कप्प्यात शिरलंय. तसं झालं तर लीड पूर्ण बाहेर काढून दुसरी जागा घे. त्याच भोकात थोडं मागं ओढून ठेवू नकोस. व्ही-६ मध्ये पेसिंगपासून आरच्या टोकापर्यंत ८० मिलिसेकंदांच्या आत आणि थ्रेशोल्ड १ व्होल्टच्या आसपास मिळाला की थांब.

तीन-चार प्रयत्नांत जमलं नाही तर हट्ट नको, मिड-सेप्टमला, पडद्याच्या मधोमध लाव. पण सोडण्याआधी एलएओ ४० अंशात (एक्स-रे डावीकडून तिरका) बघच: टोक मणक्याकडं वळलेलं हवं. छातीच्या हाडाकडं वळलेलं दिसलं तर ते सेप्टमवर नाही, पुढच्या पातळ भिंतीवर आहे. तिथं भोक पडतं आणि एलएडी, हृदयाची पुढची मोठी रक्तवाहिनी, जवळच असते.

टेम्पररी वायर, तात्पुरत्या पेसिंगची तार, आधी घाल. ज्यांना आधीच डावा बंडल ब्लॉक आहे त्यांच्या बाबतीत तर विसरूच नकोस. डावी वाट बंदच, त्यात शीथ उजव्या बंडलला लागली की ठोकाच थांबतो.

एट्रियलचं, म्हणजे वरच्या कप्प्याचं लीड त्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात, अपेंडेजमध्ये, ‘जे’ आकारात. ठोक्यासरशी दोन्ही बाजूंना हलताना दिसलं पाहिजे. पी वेव्ह, वरच्या कप्प्याचा सिग्नल, १.५ मिलिव्होल्टच्या वर हवी. १० व्होल्टला पेस करून श्वासपटल (छाती-पोटामधला स्नायू) उडतंय का बघ. आजोबांना खोल श्वास घ्यायला लावून दोन्ही लीडची ढिलाई तपास.

संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर सही घेण्याआधी आजोबांना सगळं मराठीत समजावून सांग. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नको आणि ऊसतोडीचा कोयता तर नाहीच. पण हात झोळीत बांधूनही ठेवायचा नाही, खांदा आखडतो.

दुसऱ्या दिवशीचा छातीचा एक्स-रे आणि ईसीजी मला पाठव. व्ही-१ मधला शेवटचा आर टिकलाय का, दोघं मिळून बघू.

तुझा,
बाळू