मंत्रिमहोदय, बाळाला कुठे ठेवू?

माननीय रेल्वेमंत्री व परिवहनमंत्री यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मी माझ्या पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन एकटीच घरी परतले. आधी बस, मग रेल्वे, मग पुन्हा बस. सहा तासांचा प्रवास धरून निघाले होते, साडेआठ लागले. उशिराबद्दल मी काही म्हणत नाही, गाड्यांना उशीर होतो हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. मी लिहितेय ते एवढ्यासाठी, की या साडेआठ तासांत मला एकदा लघवीला जायचं होतं आणि तेवढा वेळ बाळाला ठेवायला कुठेही जागा नव्हती.

विषय मंत्र्यांना लिहिण्यासारखा नाही, असं घरातल्यांचं मत पडलं. मला वाटतं, नेमका याच कारणाने तो आजवर तुमच्यापर्यंत आलेला नाही.

गाडीतल्या स्वच्छतागृहात ओली जमीन, एक हातभर बेसिन आणि हलणारी भिंत, एवढंच असतं. स्टेशनवर लंगोट बदलायची फळी होती, पण ती बाहेर, आरशाशेजारी. पाच महिन्यांचं मूल कुशीवर वळायला लागलेलं असतं. त्याला त्या फळीवर ठेवून आत जाऊन दार लावून घेणारी आई मी तरी पाहिलेली नाही. बाळाला छातीशी बांधायची झोळी घ्या की, असं सांगणारे भेटतात. ती माझ्याकडे होती. पोटावर सात किलोंचं मूल बांधून, एका हाताने कडी धरून, हलत्या गाडीत हा प्रयोग करून बघावा. एका हाताने नाडी सोडता येते, बांधता येत नाही.

म्हणून सकाळपासून मी पाणीच प्यायले नव्हते. अंगावर पाजणाऱ्या बाईने भरपूर पाणी प्यावं, हे मला दवाखान्यातून निघताना दोनदा बजावलं होतं.

शेवटी समोरच्या बाकावरच्या एका बाईंकडे मुलीला दिलं. देण्याआधी त्या कुठे उतरणार ते विचारलं. पुढचा थांबा पंचवीस मिनिटांवर आहे, हे पाहून घेतलं. त्यांच्या बॅगेचा रंग पाठ केला: राखाडी, चेन निळी. त्यांना ते कळलं असावं. म्हणाल्या, "मी दाराशीच उभी राहते, हिचा आवाज तुम्हाला आत येईल." आत गेल्यावर मी कान लावून होते. मुलगी गप्प होती, आणि त्यानेच माझ्या छातीत धडधडायला लागलं. बाहेर आले तर ती त्यांच्या चष्म्याची दांडी चोखत होती.

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. मात्र ते काम आपल्या खात्यांचं होतं आणि ते त्यांनी केलं, हे आपल्या कानावर घालायला हवं.

जपानमध्ये बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत आतल्या खोलीच्याच कोपऱ्यात भिंतीला एक छोटी खुर्ची ठोकलेली असते. तिला पट्टा असतो. मुलाला बसवायचं, पट्टा लावायचा, मूल आईकडे बघत बसतं. तिला वीज लागत नाही, माणूस लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. माझी मुलगी अजून टेकून बसायला शिकतेय, तेव्हा तिला ती खुर्ची महिन्याभराने उपयोगी पडेल. त्याहून लहान बाळांसाठी ती बाहेरची फळी निदान एका खोलीत, कडीच्या आत न्या.

या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. आपल्या सगळ्या व्यवस्थेत प्रवासी म्हणजे दोन रिकामे हात असलेला माणूस. तिकीट, ओळखपत्र, सुटे पैसे, सरकता दरवाजा, बसचा वरचा दांडा: सगळ्याला हात हवेत. माझा एक हात मुलीखाली असतो आणि दुसऱ्यात तिची पिशवी. बसमध्ये मी बसायच्या आत चालकाने गाडी सोडली, तेव्हा मी दांडा धरला नाही, तिचं डोकं धरलं. या वयात मुलाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं असतं, धक्का बसला की आधी तेच जातं. प्रवासी बसेपर्यंत गाडी हलवू नये, एवढं सांगायला नवीन बस घ्यावी लागत नाही. वाहक मात्र मलाच म्हणाले, "एवढं लहान मूल घेऊन एकटीने निघायचं कशाला?" घरी जायचं होतं म्हणून.

गाडी यायला सहा मिनिटं असताना फलाट बदलल्याची घोषणा झाली. लिफ्टवर 'दुरुस्तीसाठी बंद'ची पाटी होती, आणि त्या पाटीची चिकटपट्टीसुद्धा पिवळी पडली होती. जिने चढून उतरायचे, मुलगी, पिशवी, बॅग. कानात हेडफोन घातलेल्या एका पोराने न विचारता बॅग उचलली आणि धावत सुटला. क्षणभर मला वाटलं, गेली बॅग. तो फलाटावर डब्याच्या दाराशी ती धरून उभा होता.

बाबागाडी आणायची नव्हती का? १९६५ च्या सुमारास ओवेन मॅक्लारेन या विमानांची चाकं रचणाऱ्या ब्रिटिश अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी काढली. तेव्हापासून बसवाले म्हणतात, मिटवा. मिटवायची तर मूल बाहेर काढावं लागतं, आणि मूल हातात असताना ती मिटवणार कोण? जपानच्या परिवहन मंत्रालयाने २०१४ साली रेल्वे आणि बसमध्ये बाबागाडी न मिटवता नेता यावी, अशी भूमिका जाहीर केली. ब्रिटनमध्ये २०१२ साली झोपलेल्या बाळाच्या गाडीसाठी आईने व्हीलचेअरची जागा सोडली नाही, आणि व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला ती बस सोडावी लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चालकाने नुसती विनंती करून गप्प बसू नये, असं न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. मी त्या प्रवाशाच्या बाजूची आहे, जागा त्याचीच होती. पण दोघांपैकी एकानेच बसमध्ये राहावं, अशी बस आखणाऱ्याला कोणी कोर्टात उभं केलं नाही.

पाजण्याचंही थोडक्यात सांगते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तसं भित्तिपत्रक मला स्टेशनवरच दिसलं. एवढ्या लहान मुलाला दर दोन-तीन तासांनी भूक लागते, म्हणजे साडेआठ तासांत दोन-तीनदा तरी. दूध काढून न्यावं, तर ते २५ अंशांपर्यंतच्या हवेत साधारण चार तास टिकतं, आणि डबा त्याहून गरम होता. त्या भित्तिपत्रकाशेजारी स्तनपान कक्ष होता. त्याला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेले होते, आणि काचेतून आत रचलेले झाडू दिसत होते. मी बाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून पाजलं.

आपले अधिकारी म्हणतील, अशा प्रवाशांची मागणीच नाही. त्यांच्या कागदांवर ती दिसणारही नाही. माझ्या मुलीला तिकीट लागलं नाही, म्हणून तिची नोंदही झाली नाही. आपल्या हिशेबात त्या दिवशी मी एकटीच प्रवास करत होते. तेव्हा तिला तिकीट द्या. शून्य किमतीचं, पण नावाचं, वयाचं. मग कुठल्या गाडीत किती बाळं असतात ते कळेल, आमची जागा दाराजवळ की स्वच्छतागृहाजवळ ते ठरवता येईल, आणि फलाट बदलताना त्या गाडीत कडेवर मूल घेतलेली माणसं आहेत, हे कोणाला तरी आधी माहीत असेल.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा त्याच मार्गाने जायचं आहे. खुर्ची तोवर बसणार नाही, हे मला कळतं. लिफ्ट कधी सुरू होणार, तेवढं कळवावं. त्याप्रमाणे किती सामान घ्यायचं ते ठरवीन.

आपली,
दोन प्रवाशांपैकी एक