मुलांच्या सायकल सहलींना मोठ्यांची सोबत हवी

वाईकर मंडळींना सप्रेम नमस्कार.

आपली आठवी ते बारावीची मुलं-मुली सुट्टीला घोळक्यानं सायकली काढतात, याचा आनंदच आहे. घोर लागतो तो सोबत मोठं कुणी नसतं याचा. म्हणून दिवाळीनंतर दर रविवारी मंडळातर्फे मेणवली आणि पुढं धोमपर्यंत सायकल सहली सुरू करत आहोत.

मेणवली तीनेक किलोमीटर, धोम आठेक. नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा मुलं निवांत पाहतील. घाटावर बसायचं, पाण्यात मात्र कुणीही उतरायचं नाही. पसरणी घाटाचा हट्ट होणारच, पण यंदा तिकडं नाही. चढताना दमच लागतो. खरा धोका उतरताना, वळणांवर, पाचगणी-महाबळेश्वरच्या रविवारच्या गर्दीत.

निघायचं ते उजाडल्यावरच. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम असतो आणि मागं दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली उभी ट्रॉली अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दहा मुलांमागं दोन मोठी माणसं असतील, एक पुढं आणि एक शेवटी. सगळे एका रांगेत, अंतर ठेवून. सगळ्यात हळू चालवणाऱ्या मुलाचा जो वेग, तोच सगळ्यांचा.

त्यामुळं पैशांआधी आम्हाला माणसं हवीत. रविवारची सकाळ देऊन शेवटच्या मुलामागं न कंटाळता सायकल चालवतील अशी. महिलांनी जरूर पुढं यावं. सोबत ताई-काकू असल्या की मुलींना घरून लवकर परवानगी मिळते. सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी शनिवारी संध्याकाळी तासभर येऊन ब्रेक, चेन आणि हवा तपासून द्यावी. कुणाचा छोटा टेम्पो मागून आला, तर दमलेलं मूल आणि पंक्चर झालेली सायकल दोन्हींची सोय होईल.

हेल्मेट देणार असाल तर कृपया नवीनच द्या. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी भरवशाचं राहत नाही. घरात पडून असलेली चालू सायकलही चालेल. हौस असून सायकल नसलेली मुलं गल्लोगल्ली आहेत. रोख देणगीची पावती मिळेल. त्यातून प्रथमोपचार पेटी, पंप आणि रिफ्लेक्टर घेऊ.

पालकांनी संमतीपत्र भरून द्यावं. त्यात मुलाला दमा, फिट किंवा कसली ॲलर्जी असल्यास न संकोचता लिहावं. १०८ला फोन करायची वेळ आलीच, तर तेवढी माहिती हाताशी लागते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता ढोल्या गणपतीच्या घाटावर भेटू. नावनोंदणी तिथंच होईल. जमलं तर आपली सायकल घेऊनच या.