स्ट्रेचर सुटलं तर गाडी सुटेल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात याच पानावर भांडुपच्या एका वाचकाचं पत्र होतं. वडिलांच्या छातीत दुखत होतं आणि रुग्णवाहिका पाऊण तासाने आली. 'हे लोक टपरीवर चहा पीत बसलेले असतात', असंही त्यांनी लिहिलं होतं. ती गाडी माझी नव्हती. पण माझी असती तरी हेच पत्र आलं असतं, म्हणून लिहायला बसलो.

माझं वय 47. गेली 16 वर्षं एका स्थानिक ट्रस्टची रुग्णवाहिका चालवतो, भांडुप-कांजूर-विक्रोळी या पट्ट्यात. 108 ची सेवा राज्यात 2014 पासून आहे, त्या गाडीत डॉक्टर असतो. आमच्या गाडीत मी, एक मदतनीस पोरगा, ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणि एक स्ट्रेचर. एकच. सगळं दुखणं त्या एकात आहे.

जुलैतला एक मंगळवार सांगतो. दुपारी सव्वाबाराला हनुमान टेकडीवरून कॉल आला. आजीबाईंना धाप लागली होती. टेकडी ज्यांनी पाहिलीय त्यांना माहीत आहे, गाडी खालीच लावावी लागते. वर जायला पायऱ्या, त्याही इतक्या अरुंद की समोरून बादली घेऊन कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटायचं. तिथे स्ट्रेचर वळत नाही. मग घरातली प्लॅस्टिकची खुर्ची घ्यायची, आजींना तिच्यावर बसवायचं, ओढणीने छातीशी बांधायचं आणि पुढे-मागे धरून एकेक पायरी उतरायची. खालचा माणूस उलटा चालतो. तो मी असतो, कारण पोरगा सडपातळ आहे. पावसात शेवाळ धरलेल्या पायऱ्या, हातात खुर्ची, आणि वरून आजी म्हणतायत, "बाळा, पाडू नको रे." कंबरेचा एमआरआय काढून झाला आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. मी हसलो, तेही हसले.

पावणेदोनला हॉस्पिटलला पोचलो. नाव घेत नाही, उद्या परत तिथेच जायचं आहे. कॅज्युअल्टीत एकही ट्रॉली रिकामी नव्हती. सिस्टरचा दोष नाही, तिच्यासमोर तीन पेशंट बाकावर आणि एक जमिनीवर होता. "मामा, तुमच्याच स्ट्रेचरवर राहू द्या थोडा वेळ." आजी आमच्या स्ट्रेचरवर, नाकाला आमचाच ऑक्सिजन. केस पेपर निघाला, ईसीजी निघाला, आजी तिथेच. आता पेशंटला खाली ठेवून स्ट्रेचर ओढून नेणार का? कोणी नेत नाही. मीही नेलं नाही.

दोन पस्तीसला ऑफिसचा फोन. टेंभीपाड्याला पक्षाघात, तोंड वाकडं झालंय, लवकर जा. मी म्हटलं, स्ट्रेचर आत अडकलंय, दुसरी गाडी बघा. दुसरी गाडी ठाण्याला गेली होती. तीन दहाला आजींना बेड मिळाला आणि आमचं स्ट्रेचर सुटलं. एलबीएस रोडवर मेट्रोच्या कामाने उरलेल्या रस्त्यातून सायरन वाजवत मी तीन चाळीसला टेंभीपाड्याला पोचलो. फोन आल्याला एक तास पाच मिनिटं झाली होती.

दार उघडून उतरलो आणि पहिला फटका हेल्मेटचा बसला. डाव्या भुवईवर चार टाके आहेत. मारणारा मुलगा विशीतला, पेशंटचा धाकटा. त्याला तरी कसं सांगणार, मी कुठे होतो ते? सांगितलं असतं तरी त्याच्या बापाचं वाकडं तोंड त्याच्या समोर होतं. रुमाल कपाळाला दाबला आणि त्याच मुलाला म्हटलं, "ही बाजू धर." आम्ही दोघंच होतो, तिसरा हात हवा होता. त्याने धरली. मागे बसून वडिलांचे पाय चोळत आला.

माझी मुलगी नर्सिंगला आहे. ती सांगते, पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. त्यातली पस्तीस मिनिटं माझ्या स्ट्रेचरने खाल्ली. त्या माणसाचं पुढे काय झालं, ठाऊक नाही. आम्हाला कधीच कळत नाही. पेशंट आत गेला की दार बंद होतं.

मुलीच्या सांगण्यावरून चौकीवर गेलो. महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, वैद्यकीय सेवा देणाऱ्याला मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. हवालदारांनी विचारलं, "तू डॉक्टर आहेस का?" नाही म्हटल्यावर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतली. त्या कायद्यात डॉक्टर, नर्स, शिकणारी मुलं, निमवैद्यकीय कर्मचारी असे लोक मोजले आहेत. ड्रायव्हर त्यात कुठे बसतो, हे कोणीतरी स्पष्ट लिहावं. तसं मला त्या मुलावर गुन्हा लावायचा नव्हताच. टाके मात्र माझ्या खर्चाने पडले.

वेगाबद्दलही थोडं सांगतो, कारण नातेवाईक मागून ओरडतात, "भगाव ना!" मागे पोरगा कोणाची छाती दाबत असेल तर तो उभा असतो, वाकलेला, पट्ट्याशिवाय. मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं, पाच सेंटिमीटर तरी आत गेलं पाहिजे. मी जोरात ब्रेक मारला की पहिला तोच आपटतो. विक्रोळीजवळ एका खड्ड्यात त्याचं डोकं सलाईनच्या हुकावर आदळलं होतं. म्हणून मी एका लयीत चालवतो, आणि शिव्या खातो. रस्ता अडवणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात 2019 पासून दहा हजारांचा दंड आहे, सहा महिन्यांची कैदही होऊ शकते. खरं सांगायचं तर मुंबईकर रस्ता देतो. त्रास होतो तो गाडीला चिकटून मागे धावणाऱ्या बाइकवाल्यांचा.

13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, 17 माणसं गेली. गाड्यांच्या रांगेत मीही उभा होतो. पेट्रोलमुळे गॅस कटर चालवता येत नव्हता, सगळं खोळंबलं होतं. त्या रात्री अनोळखी लोकांनी आम्हाला पाणी, वडापाव आणून दिला. कोणी उशीर झाला म्हणालं नाही, कारण का थांबलोय ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. कॅज्युअल्टीच्या दारामागचं थांबणं कोणाला दिसत नाही.

मागणं फार मोठं नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीच्या दारात चार-पाच जादा ट्रॉल्या ठेवा, बाहेरच्या गाड्यांसाठी, कुलपात नाही. आणि केस पेपरवर दोन वेळा लिहा: गाडी आली कधी, सुटली कधी. आज त्याची नोंद फक्त माझ्या खिशातल्या डायरीत आहे. मुलगी म्हणते, इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकेतला पेशंट 15 मिनिटांत ताब्यात घ्यायचं उद्दिष्ट आहे, आणि तिथेही ते नेहमी पाळलं जात नाही. नसेल. पण निदान घड्याळ तरी लावलंय.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना सांगतो, आम्ही टपरीवर दिसतो हे खरं आहे. परवाच दिसलो असतो, हॉस्पिटलच्या गेटासमोर, दुपारी एक तास वीस मिनिटं. दोन कटिंग घेतले. पोरगा दर पाच मिनिटांनी आत जाऊन बघून येत होता, निळ्या रेक्झिनचं आपलं स्ट्रेचर रिकामं झालं का.

आपला,
एक रुग्णवाहिका चालक, भांडुप (प.)
(नोकरीचा प्रश्न असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)